अजिंठ्याचं स्टेशन जळगाव, पण निधी दुसऱ्याच जिल्ह्याला. सीमेवरच्या पर्यटनाचा सरकारी पैसा चालतो तरी कसा?

समजा तुम्हाला मुंबईहून रेल्वेनं अजिंठ्याला जायचंय. तिकीट कुठलं काढणार? जळगावचं. कारण लेण्यांना जवळचं मोठं स्टेशन तेच, साधारण ६० किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरहून निघालात तर हेच अंतर १०० किलोमीटरच्या आसपास जातं. त्यामुळे रात्रीची गाडी पकडायची, सकाळी जळगावला उतरायचं आणि पहूरमार्गे फर्दापूर गाठायचं, हा अनेकांचा ठरलेला रस्ता.

पण अजिंठा लेणी जळगाव जिल्ह्यात नाहीत. ती आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यात. महसुली विभागसुद्धा वेगळा. जळगाव नाशिक विभागात, लेणी मराठवाड्यात.

आता यातली गंमत बघा. ज्या वाघूर नदीच्या नालासारख्या वळणावर ही लेणी कोरली गेली, ती नदी तिथून खाली येते ती थेट जळगाव जिल्ह्यात. तिच्यावर बांधलेल्या वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. म्हणजे पाणी सीमा ओलांडून इकडं येतं, पर्यटक सीमा ओलांडून तिकडं जातो. अडतो तो फक्त सरकारी निधी. तो जिल्ह्याच्या हद्दीपाशी आला की थांबतो.

बरं, हे एकट्या अजिंठ्याचं दुखणं नाही. खान्देशाचा नकाशा काढून बसलात तर बघण्यासारख्या कितीतरी जागा कुठल्या ना कुठल्या सीमेला चिकटलेल्या दिसतात. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडं मध्य प्रदेश. पश्चिमेला गुजरात. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मराठवाडा. अशा जागांवर सरकारी पैसा येतो कसा, अडतो कुठं आणि आलेला पैसा टिकत का नाही, हेच जरा निवांत समजून घेऊ.

ही सीमा आली कुठून?

अजिंठ्याजवळची जिल्ह्याची सीमा एके काळी चक्क दोन राजवटींची सीमा होती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. डोंगरापलीकडचा मुलूख मात्र हैदराबादच्या निजामाचा. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं या दरीत आला आणि जगाला अजिंठ्याचा नव्यानं पत्ता लागला. लेणी निजामाच्या हद्दीत असल्यानं पुढं त्यांची देखभाल हैदराबाद संस्थानानं केली. १९१४ मध्ये संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते. चित्रांची पडझड थांबवायला १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले.

पण बघायला येणारा माणूस कुठून यायचा? रेल्वे तर इंग्रजांच्या खान्देशातून गेलेली. त्यामुळे लेणी एका राज्यात आणि स्टेशन दुसऱ्या राज्यात, ही विभागणी तेव्हापासूनची.

१९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खान्देश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तिकडं १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये सगळेच महाराष्ट्रात आले. निजाम गेला, इंग्रज गेले, राज्य एक झालं. रेघ मात्र जिथं होती तिथंच राहिली. फरक इतकाच की आता ती दोन जिल्ह्यांच्या बजेटमधली रेघ आहे.

पर्यटनाचा सरकारी पैसा येतो कुठून?

सोपं करून सांगायचं तर चार नळ आहेत.

पहिला नळ जिल्ह्याचा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते. ७४ व्या घटनादुरुस्तीनं या समित्यांची तरतूद केली आणि महाराष्ट्रानं त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष, आणि किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून. दर वर्षी ही समिती जिल्ह्याचा आराखडा ठरवते. गावच्या मंदिराला 'क' वर्ग दर्जा मिळाला, तिथं सभामंडप झाला, स्वच्छतागृह झालं, असं आपण ऐकतो ते पैसे बहुतेक वेळा इथून येतात. या नळाची अट अगदी साधी आहे. जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यात.

दुसरा नळ राज्याचा. पर्यटन विभाग, पर्यटन संचालनालय आणि १९७५ मध्ये स्थापन झालेलं पर्यटन विकास महामंडळ म्हणजे एमटीडीसी. प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून रस्ते, वाहनतळ, सुशोभीकरण अशी कामं होतात. 'ब' वर्ग तीर्थक्षेत्रांचा निधी ग्रामविकास विभागाकडून येतो.

तिसरा नळ केंद्राचा. २०१४-१५ मध्ये 'स्वदेश दर्शन' ही योजना आली. एकेक ठिकाण सुटं न घेता सर्किट विकसित करायचं, ही तिची कल्पना. सर्किट म्हणजे एका सूत्रात बांधलेली तीन-चार ठिकाणं. असं सर्किट एकापेक्षा जास्त राज्यांत पसरलेलं असलं तरी चालेल, असंही योजनेत म्हटलं होतं. पण प्रस्ताव यायचे राज्य सरकारांकडून आणि मंजुरी मिळायची राज्यनिहाय. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या टप्प्यात सिंधुदुर्गचं सागरी सर्किट आलं आणि विदर्भातल्या वाकी, आदासा, धापेवाडा, गिरड वगैरे ठिकाणांचं आध्यात्मिक सर्किट आलं. योजनेचा दुसरा अवतार आला तेव्हा महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग आणि अजिंठा-वेरूळ ही नावं निवडली गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं आणखी एक मोठी यादी काढली. २३ राज्यांतले ४० प्रकल्प, ३,२९५ कोटी ७६ लाख रुपये, तेही राज्यांना ५० वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज म्हणून. महाराष्ट्रातले त्यात दोन प्रकल्प. एक सिंधुदुर्गजवळ समुद्रात आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका बुडवून तिथं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, आणि दुसरा नाशिकचा रामकाल पथ. खान्देशातलं एकही ठिकाण त्यात नाही.

चौथा नळ परदेशी कर्जाचा. अजिंठ्याला सगळ्यात मोठी धार लागली ती या नळाची.

जपानच्या कर्जाचं काय झालं?

१९९२ मध्ये भारतानं जपानकडून 'अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पा'साठी कर्ज घेतलं. पहिला टप्पा सुमारे ३७४ कोटी येनचा. दुसऱ्या टप्प्याचा करार ३१ मार्च २००३ ला झाला, सुमारे ७३३ कोटी येनचा. हे येन आहेत हं, रुपये नाहीत. पण रक्कम रुपयांत मोजली तरी लहान नव्हती, आणि कर्ज असल्यामुळे ती तुमच्या-माझ्या करातूनच फेडायची होती.

या पैशातून लेण्यांचं संवर्धन, झाडं लावणं, रस्ते, पाणी, वीज अशी बरीच कामं झाली. विमानतळाचं काम झालं ते तेव्हाच्या औरंगाबादला. प्रकल्पाची पायाभूत सोय अशी त्या बाजूनं उभी राहिली.

काही कामं खरंच चांगली झाली. लेण्यांपर्यंत खासगी गाड्या न्यायच्या नाहीत, चार किलोमीटर अलीकडं फर्दापूरच्या फाट्यावर थांबवायच्या आणि तिथून एसटीच्या बसनं पुढं जायचं, ही व्यवस्था लागली. धूर आणि गर्दी लेण्यांपासून लांब ठेवायला तिचा उपयोग झाला.

आणि मग आलं अभ्यागत केंद्र. फर्दापूरजवळ एक देखणी इमारत उभी राहिली. आत १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती. मूळ चित्रांवर माणसांच्या श्वासाचा, घामाचा, दमटपणाचा परिणाम होतो. मग लोकांनी आधी इथं निवांत बघावं, समजून घ्यावं आणि खऱ्या लेण्यांवरचा भार हलका करावा, असा तो विचार होता. कागदावर एकदम पटणारा. २०१३ मध्ये केंद्र सुरू झालं. आणि काही वर्षांतच बंद करावं लागलं. कारण वीज आणि पाण्याची बिलं थकली!

इथं जरा थांबून विचार करा. बांधायला परदेशातून कर्ज मिळालं, बिल भरायला पैसे नव्हते. असं का होतं? कारण बांधकामाचा पैसा प्रकल्पातून येतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, उद्घाटनाची फीत असते. देखभालीचा पैसा मात्र दर महिन्याला, दर वर्षी, कुणाच्या तरी नियमित बजेटमधून जावा लागतो. आणि ते 'कुणाच्या तरी' नेमकं कुणाच्या, हेच ठरलेलं नसतं.

एक अजिंठा, किती मालक?

मोजून बघू.

- लेणी: केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे. तिकिटाचा पैसाही केंद्राकडे.
- फर्दापूर ते लेणी बस: राज्याच्या एसटी महामंडळाकडे.
- अभ्यागत केंद्र: एमटीडीसीकडे.
- भोवतालचं जंगल: वन विभागाकडे.
- महामार्ग: राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे.
- तालुका, पोलीस, पंचायत: छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात.
- जवळचं मोठं स्टेशन आणि त्या बाजूचा विमानतळ: जळगाव जिल्ह्यात.

यातला प्रत्येक जण आपापलं काम करतो असं धरलं, तरी 'पर्यटक जळगावला उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत त्याचा दिवस कसा जाईल' याची जबाबदारी यातल्या कुणाचीच नाही. पहाटे स्टेशनवर उतरलेल्या माणसाला पुढची बस कधी आहे हे कुणी सांगायचं? मधल्या साठ किलोमीटरमध्ये स्वच्छ स्वच्छतागृह कुणी बांधायचं? जळगावनं बांधावं तर ठिकाण आपलं नाही. संभाजीनगरनं बांधावं तर जागा आपली नाही.

जळगावचा विमानतळ बघा. उडान योजनेतून २३ डिसेंबर २०१७ ला मुंबई-जळगाव विमान सुरू झालं. उडान म्हणजे काय, तर विमानात पुरेसे प्रवासी नसतील तर कंपनीचा तोटा काही काळ सरकार भरून देतं. त्यातला मोठा हिस्सा केंद्राच्या निधीतून, २० टक्के राज्याकडून. ती पहिली सेवा टिकली नाही. नंतर कंपन्या बदलत राहिल्या, २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे अशी उड्डाणं सुरू झाली. पण सरकारी पैशानं विमान जळगावात उतरवायचं आणि उतरलेल्या माणसाला अजिंठ्याला पोचवण्याचा आराखडा वेगळ्याच जिल्ह्यानं करायचा, हा विरोधाभास कायम आहे.

असंच दुसरं ठिकाण चाळीसगावजवळ आहे. पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं मठ काढला, त्याचा शिलालेख इथलाच. पाटणादेवी जळगाव जिल्ह्यात. त्याच डोंगररांगेतली पितळखोरा लेणी कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. दोन्हींना कवेत घेणारं गौताळा औट्रमघाट अभयारण्यही दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. जंगल एक, डोंगर एक, फिरणारा माणूस एक, आराखडे मात्र दोन.

जिल्ह्याचं हे, तर राज्याच्या सीमेचं काय?

तिथं तर गोष्ट अजून अवघड.

खान्देशचा इतिहास सांगायचा तर फारुकी सुलतानांशिवाय सांगता येत नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी मलिक राजानं थाळनेरला आपलं ठाणं केलं. तापीकाठचं हे थाळनेर आज धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात आहे. फारुकी घराण्याच्या कबरी तिथं आजही उभ्या आहेत. मलिक राजाच्या मुलानं, नासिर खानानं, अशीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवलं. तीच पुढं खान्देशाची राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबरानं अशीरगड जिंकला आणि फारुकींचं राज्य संपलं. पुढं १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरातच वारली. आग्र्याला नेण्याआधी तिला आधी इथंच, तापीपलीकडं झैनाबादला पुरलं होतं.

म्हणजे एका राज्याची सुरुवात थाळनेरला, भरभराट बऱ्हाणपूरला आणि शेवट अशीरगडावर. तीन दिवसांची झकास सहल होईल अशी ही गोष्ट. पण पहिला मुक्काम महाराष्ट्रात आणि पुढचे दोन मध्य प्रदेशात. इंग्रजांच्या काळात बऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात, मध्य प्रांतात राहिलं आणि राज्य पुनर्रचनेनंतरही तिकडंच राहिलं. बऱ्हाणपुरातली जमिनीखालची जुनी पाणीव्यवस्था, कुंडी भंडारा, २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. थाळनेर त्याच गोष्टीचं पहिलं पान आहे, हे बऱ्हाणपूर बघायला आलेल्या माणसाला सांगणारी एखादी पाटी हवी असेल तर ती कोणत्या राज्यानं लावायची?

लोकांच्या जगण्यात ही सीमा फार जाणवत नाही. रावेरहून गाडी सुटली की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येतं. दोन्हीकडं केळीच्या बागा, दोन्हीकडं सोयरीक, बऱ्हाणपूरची मावा जिलेबी इकडं आणि खान्देशी भरीत तिकडं. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं प्राचीन मंदिर आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास तिथं आणि मुक्ताईच्या दर्शनाला यात्रा भरते, तेव्हा पलीकडच्या निमाडातूनही दिंड्या येतात. विशेष म्हणजे बऱ्हाणपूर आणि खंडवा ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातच येतात. रेल्वेला राज्याची सीमा अडवत नाही.

पाण्यासाठी मंडळ आहे, मग पर्यटनासाठी?

दोन राज्यांना एकत्र बसता येतच नाही, असं अजिबात नाही. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. तापीचं पाणी जमिनीत जिरवायचा हा प्रकल्प. कुणाला किती पाणी, हे आकड्यांत ठरलं. हे जमलं कारण या दोन राज्यांचं पाण्यासाठी आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे. बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, वाद झाला तर कुठं मांडायचा ते ठरलेलं असतं.

शेजारी राज्यांनी इतर विषयांवर बोलावं म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा काढल्या. पण इथंही खान्देशाचं नशीब बघा. महाराष्ट्र आहे पश्चिम विभागीय परिषदेत, गुजरात आणि गोव्याबरोबर. मध्य प्रदेश आहे मध्य विभागीय परिषदेत, उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि छत्तीसगडबरोबर. म्हणजे धुळे आणि गुजरातच्या सीमेवरचा प्रश्न एका टेबलावर येऊ शकतो, पण रावेर आणि बऱ्हाणपूरचा प्रश्न त्या दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत पडतो.

याचा फटका सातपुड्याला बसतो. रावेर तालुक्यातलं पाल, १९६९ मध्ये घोषित झालेलं यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, हे सगळं सीमेच्या कुशीत. डोंगर दोन्ही राज्यांचा. इथल्या पावरा, तडवी कुटुंबांतल्या पोरांना गाइड, होम स्टे, जीप सफारी यातून घराजवळ चार पैसे मिळू शकतात. ते जमलं नाही तर ऊसतोड किंवा गुजरातची वाट आहेच. पर्यटन निधी हा विषय शहरात बसून हौसेचा वाटतो. सीमेवरच्या गावात तो रोजगाराचा विषय आहे.

पैसा आला तरी सगळं सुटतं का?

नाही. सारंगखेडा त्याचं उदाहरण.

तापीकाठचं सारंगखेडा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. दत्त जयंतीला इथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा जुना, मोठा बाजार भरतो. गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाबकडून घोडे येतात. म्हणजे सीमा ओलांडून येणारं पर्यटन इथं सरकारच्या कितीतरी आधीपासून आहे.

सरकारनं त्याला 'चेतक फेस्टिव्हल' असं रूप दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये एमटीडीसीनं त्यासाठी एका खासगी कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ३२१ कोटींची असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये आर्थिक नियम पाळले नसल्याचं कारण देऊन सरकारनं तो करार रद्द केला. तंबू, महोत्सव, जाहिराती यांचं पुढं काय व्हायचं ते झालं. घोड्यांचा बाजार मात्र भरतच राहिला, कारण तो त्या पैशावर कधी उभाच नव्हता.

यातून काय दिसतं? महोत्सवाचा पैसा आठवड्यात संपतो. यात्रेकरूला आणि घोडेवाल्याला लागणारं पिण्याचं पाणी, सावली, स्वच्छतागृह, जनावरांचा दवाखाना या गोष्टी वर्षानुवर्षं लागतात. त्यांची जाहिरात होत नाही, म्हणून त्यांना निधीही पटकन मिळत नाही.

मग सीमा ओलांडणारा पैसा कुठं दिसतो?

रेल्वेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७,१०६ कोटी, त्यातला निम्मा भार राज्याचा. हा मार्ग अजिंठ्याच्या भागातून जाणार आहे. म्हणजे निजामाच्या काळापासून एका बाजूला राहिलेली रेल्वे अखेर डोंगर ओलांडेल.

त्यानंतर महिनाभरातच, २ सप्टेंबर २०२४ ला, मनमाड-इंदूर मार्ग मंजूर झाला. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, दोन राज्यांतले सहा जिल्हे. धुळे आणि शिरपूर या मार्गावर येतात. सरकारनं हा मार्ग जाहीर करताना पर्यटनाचा फायदा सांगितला, पण उज्जैन आणि इंदूरचा, महाकालाच्या दर्शनाचा. साहजिक आहे. तिकडं महाकाल आहे, तयारी आहे. पण हाच इशारा समजायला हवा. गाडी धुळ्यावरून जाईल. प्रवासी धुळ्याला उतरेल का, हे रेल्वे ठरवणार नाही. शिरपूरला उतरून थाळनेर बघता येतं, हे सांगायला कुणीतरी आत्तापासून तयारी केली तरच तो उतरेल.

बाहेर कसं करतात?

युरोपात हा प्रश्न जुना आहे. तिथं डोंगराच्या एका बाजूला एक देश आणि दुसऱ्या बाजूला दुसरा देश. १९९० मध्ये युरोपीय समुदायानं 'इंटररेग' नावाची योजना सुरू केली. सीमेलगतच्या भागांसाठी वेगळा निधी. पर्यटन, वारसा, पर्यावरण, वाहतूक असे विषय त्यात येतात.

यातली मुख्य अट फार साधी आहे. एकट्यानं अर्ज चालत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे भागीदार असतील तरच पैसा मिळतो. त्यातला एक भागीदार प्रमुख होतो आणि हिशेबासाठी जबाबदार राहतो. २०२१ ते २०२७ या टप्प्यात साधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत खर्च युरोपीय निधीतून मिळतो, उरलेला भागीदारांनी घालायचा. म्हणजे शेजाऱ्याशी बोललात तर फायदा, नाही बोललात तर शून्य.

तिथंही सगळं आलबेल असतं असं नाही. कागदपत्रं भरपूर असतात, लहान गावांना ती झेपत नाहीत. पण आपल्याकडं बरोबर उलटं गणित आहे. जळगावनं आणि संभाजीनगरनं मिळून एक आराखडा केला तर त्यासाठी वेगळा पैसा कुठल्या नळातून येणार, हे ठरलेलं नाही. मग कुणी कशाला करेल?

मग करायचं काय?

फार मोठ्या घोषणेची गरज नाही. तीन गोष्टी झाल्या तरी फरक पडेल.

एक, संयुक्त निधी. राज्यानं पर्यटनाच्या पैशातला थोडा हिस्सा फक्त अशाच प्रस्तावांसाठी राखावा, ज्यांवर दोन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांची सही आहे. जळगाव स्टेशन ते अजिंठा हा रस्ता पहिला प्रस्ताव होऊ शकतो, पाटणादेवी ते पितळखोरा दुसरा. यासाठी दुसऱ्या राज्याकडं जायचीही गरज नाही.

दोन, देखभालीचा आकडा आधी. इमारतीला मंजुरी देतानाच पुढच्या दहा वर्षांची वीज, पाणी, सफाई, पगार कोण देणार हे लिहून घ्यायचं. लिहिता येत नसेल तर इमारत बांधायची नाही. अभ्यागत केंद्रानं हा धडा बराच महाग शिकवलाय.

तीन, मध्य प्रदेशशी बोलणं. तापीच्या पाण्यासाठी जे टेबल मिळालं, त्याच धर्तीवर खान्देश-निमाडसाठी एक छोटी संयुक्त समिती. सुरुवातीला फक्त एक नकाशा, दोन्ही बाजूंच्या पाट्या आणि थाळनेर-बऱ्हाणपूर-अशीरगड अशी एक बस. इतकं केलं तरी खूप.

आणि यात तुमचं काम काय? तुम्ही खान्देशातले असाल तर जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत पर्यटनासाठी किती रक्कम ठेवली आणि ती कशावर खर्च झाली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माहिती अधिकारात साधा अर्ज पुरतो. अर्जात एक प्रश्न जास्तीचा टाका: 'या कामाच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची आहे?' उत्तरात कार्यालयाचं नाव आलं तर उत्तम. नाहीच आलं, तर पुढचं बंद कुलूप कुठं दिसणार याचा अंदाज तुम्हाला आजच येईल.